पगार वाढवला की काम सुधारतं का? वॉलमार्टने 2015 मध्ये केलेला प्रयोग आणि आपलं दुकान



ट्रेनिंगला बसलेल्या कुठल्याही बॅचमध्ये कर्मचाऱ्यांचा विषय निघाला की तीन वाक्यं ऐकू येतातच. "माणसं मिळत नाहीत." "मिळाली तर टिकत नाहीत." "टिकली तर काम करत नाहीत." आणि मग कुणीतरी शेवटचा निकाल देतो, "आजकालची पोरंच तशी आहेत."

या आठवड्याच्या व्हिडिओत मी या शेवटच्या वाक्याबद्दल बोललो. ते वाक्य खरं असेल तर आपल्या हातात काहीच उरत नाही. पण समजा, दुकानातला माणूस कसा वागतो हे त्याच्या स्वभावापेक्षा आपण कामाची जी रचना केली आहे तिच्यावर जास्त अवलंबून असेल, तर? मग बरंच काही आपल्या हातात येतं. ऑर्गनायझेशनल बिहेवियर नावाचा विषय बीबीएला असतो, तो याचाच अभ्यास आहे: माणसं एकत्र काम करतात तेव्हा कशी वागतात आणि तशीच का वागतात.

पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवू. जगातल्या सगळ्यात मोठ्या किरकोळ विक्री कंपनीत हे कसं घडलं ते पाहू, आणि मग त्यातलं आपल्या तीन-चार माणसांच्या दुकानात काय बसतं त्याचा हिशेब मांडू.

वॉलमार्ट कुठे अडकलं होतं?

सॅम वॉल्टन यांनी 1962 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात पहिलं वॉलमार्ट सुरू केलं. धंद्याचं सूत्र सोपं होतं: खर्च कमी ठेवा, भाव कमी ठेवा, गिऱ्हाईक आपोआप येईल. हे सूत्र इतकं चाललं की 2015 पर्यंत एकट्या अमेरिकेत कंपनीची साडेचार हजारांहून जास्त दुकानं झाली आणि कामगारांची संख्या 13 लाखांच्या आसपास गेली.

पण "खर्च कमी ठेवा" हे सूत्र माणसांवरही लागू झालं. दुकानं वाढत गेली, त्या प्रमाणात माणसं वाढली नाहीत. परिणाम गिऱ्हाइकाला दिसायला लागला. माल मागच्या गोदामात पडलेला, आणि रॅकवर जागा रिकामी. बिलिंगचे काउंटर भरपूर, पण माणूस बसलेला दोन-तीनवरच, त्यामुळे रांगा लांब. काही विचारावं तर विचारायला कुणी सापडत नाही. कंपनी स्वतःच्या दुकानांना ग्राहकसेवेचे गुण देते. 2015 च्या सुरुवातीला ठरवलेलं लक्ष्य गाठणारी दुकानं होती फक्त 16 टक्के. म्हणजे शंभरातली चौऱ्याऐंशी दुकानं कंपनीच्याच परीक्षेत नापास.

आता सांगा, इतक्या सगळ्या दुकानांत एकाच वेळी आळशी माणसं भरती झाली असतील का? तसं होत नसतं. एवढ्या ठिकाणी एकच दोष दिसतो तेव्हा तो माणसांत नसतो, व्यवस्थेत असतो.

हे चक्र नीट समजून घ्या

एमआयटीच्या प्राध्यापक झेनेप टन यांनी किरकोळ दुकानांचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि 2014 मध्ये त्यावर 'द गुड जॉब्स स्ट्रॅटेजी' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलेलं चक्र थोडक्यात असं आहे:

1. मालक पगारावरचा खर्च कमी करतो. माणसं कमी, पगार कमी, शिकवणं जवळजवळ नाहीच.
2. कामात चुका होतात. माल चुकीच्या जागी लागतो, भावाचं लेबल चुकतं, संपलेला माल कुणी कळवत नाही.
3. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं. विक्री घटते.
4. विक्री घटली म्हणून मालक पगारावरचा खर्च आणखी कमी करतो.
5. परत पहिल्या पायरीवर.

यातली गंमत म्हणजे प्रत्येक पायरीवर मालकाचा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. विक्री कमी आहे, मग खर्च कापा, यात चूक काय? अडचण अशी की पगार वहीत दिसतो, पण परत गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याच वहीत दिसत नाही. दिसणारा खर्च वाचवताना न दिसणारा तोटा आपण वाढवत राहतो.

वॉलमार्टने नेमकं काय बदललं?

कंपनीचे प्रमुख होते डग मॅकमिलन. हे गृहस्थ 1984 च्या उन्हाळ्यात वॉलमार्टच्याच गोदामात ट्रकमधला माल उतरवायचं काम करत होते. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी जाहीर केलं की कंपनीत कमीत कमी पगार तासाला 9 डॉलर होईल आणि पुढच्या वर्षी 10 डॉलर. त्या वेळी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन होतं सव्वासात डॉलर. सुमारे 5 लाख कामगारांचा पगार यातून वाढणार होता.

बातम्यांत फक्त पगारवाढ गाजली. पण आपल्याला शिकायचं आहे ते त्या पगाराबरोबर आलेल्या गोष्टींकडून:

पहिली, शिकवणं. नवीन माणसाला थेट 10 डॉलर मिळत नव्हते. आधी 9 डॉलरवर सुरुवात, काही महिन्यांचं प्रशिक्षण पूर्ण केलं की 10. शिवाय 2016 पासून कंपनीने प्रशिक्षण केंद्रं उघडली, पुढे ती सुमारे 200 झाली. सुपरवायझर आणि विभागप्रमुखांना तिथे वर्गात आणि लगेच दुकानात उभं करून शिकवलं जायचं. कोर्स संपला की कॉलेजसारखा टोपी-गाऊन घालून समारंभ. त्यातल्या अनेकांच्या आयुष्यातला तो पहिलाच पदवीदान समारंभ होता.

दुसरी, वर चढायची शिडी. काही विभागप्रमुखांचा सुरुवातीचा पगार 13 डॉलर आणि मग 15 डॉलर केला. म्हणजे माल लावणाऱ्या पोराला समोरच दिसायला लागलं की "इथे नीट काम केलं तर दोन पायऱ्यांवर काय आहे."

तिसरी, वेळेची खात्री. दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टऐवजी काही जणांना ठरलेली वेळ निवडता येईल अशी पद्धत आणली. ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा जो कॉलेज करतो आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट पगाराइतकीच मोठी असते.

निकाल काय लागला?

इथे दोन्ही बाजू सांगतो, कारण अर्धी गोष्ट सांगून मी तुम्हाला खर्चात पाडणार नाही.

चांगली बाजू: साधारण वर्षभरात ग्राहकसेवेचं लक्ष्य गाठणारी दुकानं 16 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर गेली. जुन्या दुकानांतली विक्रीही पुन्हा वाढायला लागली.

कठीण बाजू: ऑक्टोबर 2015 मध्ये कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की पगार आणि प्रशिक्षणाचा पुढच्या वर्षाचा खर्च दीड अब्ज डॉलर आहे आणि नफा कमी होईल. त्या एका दिवसात शेअर 10 टक्के पडला. नफा पुढे खरोखरच कमी झाला. शिवाय तासाचा दर वाढला पण तासच कमी मिळतात, अशी तक्रार काही कामगारांनी केली. साहजिक आहे, दर वाढवून तास कापले तर महिन्याअखेर हातात तेवढेच पैसे पडतात.

आणि हेही लक्षात ठेवा की त्याच काळात वॉलमार्टने माल ठेवायची पद्धत सुधारली, भाव कमी केले, ऑनलाइन विक्रीवर पैसा ओतला. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या पगाराला देता येत नाही. मी तर म्हणेन, हाच खरा धडा आहे. नुसता पगार वाढवून वॉलमार्ट सुधारलं नाही. पगार, शिकवणं, शिडी आणि वेळ ही चारही चाकं एकत्र फिरली.

असं का होतं? दोन नावं लक्षात ठेवा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे 200 इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून 1959 मध्ये एक सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं असं की नोकरीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पगार, कामाची जागा, साहेबाचं वागणं या पहिल्या प्रकारच्या. या बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण चांगल्या असल्या म्हणून तो पेटून उठून काम करत नाही. पिण्याच्या पाण्यासारखं आहे हे. पाणी घाण असेल तर माणूस आजारी पडतो, पण स्वच्छ पाणी प्यायला म्हणून कुणी पैलवान होत नाही. दुसऱ्या प्रकारात येतात काम जमल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी, पुढे जायची संधी. जोर इथून येतो.

म्हणून "पगार वाढवला, तरी महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न" ही तक्रार खरी असते. आपण पाणी स्वच्छ केलं, व्यायाम शिकवलाच नाही.

दुसरं नाव व्हिक्टर व्रूम. 1964 मधल्या त्यांच्या सिद्धांताचं सार असं की माणूस मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. मी कष्ट घेतले तर हे काम मला जमेल का? जमलं तर मला काही मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवं आहे का? तिन्हीपैकी एकाचं उत्तर जरी "नाही" आलं तरी जोर संपला. आता वॉलमार्टकडे परत बघा. शिकवण्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, शिडीने दुसऱ्याचं, पगार आणि ठरलेल्या वेळेने तिसऱ्याचं.

उलट्या दिशेला गेलेली कंपनी

सर्किट सिटी हे नाव आज तुम्ही ऐकलं नसेल. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर विकणारी ही अमेरिकेतली मोठी साखळी होती, 1949 मध्ये सुरू झालेली. मार्च 2007 मध्ये या कंपनीने दुकानांतल्या सुमारे 3,400 लोकांना काढून टाकलं. कारण काय, तर त्यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त झाला होता. त्यांना सांगितलं की दहा आठवड्यांनी परत अर्ज करू शकता, पण कमी पगारावर.

आता जास्त पगार कुणाचा असतो? जो जुना आहे, ज्याला माल माहीत आहे, ज्याचं नाव घेऊन गिऱ्हाईक येतं. पन्नास हजारांचा टीव्ही घ्यायला आलेल्या माणसाला समजावून सांगणारा गेला आणि खोक्यावरचं वाचून दाखवणारा उरला. जे काढले गेले नाहीत तेही एक धडा शिकले: इथे जास्त चांगलं काम करून पगार वाढवून घेणं धोक्याचं आहे. व्रूमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीनेच "नाही" असं देऊन टाकलं.

नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 2009 मध्ये सगळी दुकानं बंद झाली. मंदी होती, स्पर्धा तगडी होती, जुन्या जागांचा प्रश्न होता, ही कारणंही खरीच. पण वादळ येणार असताना होडीतले अनुभवी नावाडी उतरवून देणं हा निर्णय कंपनीचा स्वतःचा होता.

त्याच मंदीत, 2009 मध्ये, कॉस्टको या दुसऱ्या अमेरिकन साखळीचे प्रमुख जिम सिनेगल यांनी कामगारांचा पगार टप्प्याटप्प्याने तासाला दीड डॉलरने वाढवायला मंजुरी दिली. कॉस्टकोला हे परवडतं कसं? ती कंपनी एका दुकानात साधारण 4,000 प्रकारचाच माल ठेवते, मोठ्या सुपरमार्केटमध्ये तो कित्येक पटींनी जास्त असतो. प्रकार कमी, म्हणून शोधाशोध कमी, चुका कमी, एका माणसाकडून होणारी विक्री जास्त. पहिलं वर्ष टिकलेला माणूस तिथे सहसा सोडून जात नाही. म्हणजे चांगला पगार हे दान नाही. तो परवडावा अशी कामाची मांडणी आधी करावी लागते.

आता आपल्या दुकानाचा हिशेब

"सर, ते अब्जावधीवाले. आमचं काय?" बरोबर. म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे घालून बघा.

- महिन्याची विक्री: 8,00,000 रुपये
- मार्जिन 15 टक्के: 1,20,000 रुपये
- तीन माणसांचा पगार, प्रत्येकी 14,000: 42,000 रुपये
- भाडं, वीज, इतर: 35,000 रुपये
- मालकाच्या हातात: 43,000 रुपये

समजा पगार 10 टक्के वाढवला. खर्च वाढला 4,200 रुपये. हे भरून काढायला 15 टक्के मार्जिनवर 28,000 रुपयांची जास्त विक्री हवी. महिन्यात 28 दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला 1,000 रुपये. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी 250 रुपये असेल तर दिवसाला फक्त चार गिऱ्हाइकं.

आता प्रश्न असा: तुमच्या दुकानातून रोज किती गिऱ्हाइकं "नाहीये, संपलंय" ऐकून परत जातात? माल मागे खोक्यात असूनही किती वेळा "नाही" सांगितलं जातं? हा आकडा चारच्या वर असेल, तर न दिलेली पगारवाढ तुम्ही आधीच भरताय, फक्त ती शेजारच्या दुकानदाराच्या गल्ल्यात जातेय.

पण अट लक्षात ठेवा. ही चार गिऱ्हाइकं नुसत्या पगाराने थांबणार नाहीत. ती थांबवायचं काम कुणाचं, कसं आणि केलं तर काय, हे ठरवावं लागेल.

या महिन्यात करायची पाच कामं

1. परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही ठेवा. काउंटरवर साधी वही. काय मागितलं, का दिलं नाही. पंधरा दिवस. नोंद न केल्याबद्दल कुणाला बोलू नका आणि नोंद केली म्हणून तर अजिबात बोलू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही कोरी राहील.

2. प्रत्येकाला एक कोपरा नावाने द्या. "साबण-शाम्पूचा रॅक तुझा." माल लावणं, तारीख बघणं, संपत आला की सांगणं सगळं त्याचंच. आणि ऑर्डर देताना त्याला विचारा. हर्झबर्ग म्हणतात ती जबाबदारी ही अशी दिसते.

3. आठवड्यातून एकदा अर्धा तास शिकवा. दुकान उघडायच्या आधी. एका आठवड्यात एकच विषय: या महिन्यात आलेला नवीन माल, किंवा बिलिंग, किंवा तक्रार आली तर काय बोलायचं. बाकीच्यांचं कामही प्रत्येकाला थोडं यायला हवं, म्हणजे एकाच्या सुट्टीने दुकान अडत नाही.

4. शिडी लिहून दाखवा. सहा महिन्यांनी काय जमलं तर पगार किती, वर्षाने किती. तोंडी "बघू पुढे" नको. कागदावर लिहा आणि त्या तारखेला स्वतःहून बोलवून द्या. मागायला लावलेली वाढ अर्धी वाया जाते. आणि कुठलाही आकडा ठरवण्याआधी तुमच्या भागातलं दुकानांसाठीचं किमान वेतन तपासा, ते देणं हा कायदा आहे.

5. सुट्टी आणि वेळ आधी ठरवा. महिन्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा. दिवाळीच्या गर्दीत सगळ्यांनी थांबायचं हे ठीक, पण मग भाऊबीजेला कुणाला सुट्टी ते पंधरा दिवस आधी सांगा.

यातली चार कामं जवळजवळ फुकट आहेत. म्हणून सुरुवात तिथून करा. वहीतला आकडा सुधारला की पगारवाढीचे पैसे दिसायला लागतील. तेव्हा ती वाढ रोखू नका. ती रोखली तर तुमच्या माणसांना तेच समजेल जे सर्किट सिटीच्या माणसांना समजलं होतं.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. हे सगळं करूनही एखादा माणूस सुधारत नाही. गल्ल्यात हात घालणारा, गिऱ्हाइकाशी उद्धट बोलणारा असतोच. त्याला निरोप द्यायलाच हवा, बाकीचे तुमच्याकडे बघत असतात. पण ओळीने चौथा माणूस त्याच कारणाने सोडून चालला असेल, तर पाचवा शोधण्याआधी खुर्ची टेबल तेच ठेवून नियम बदलून बघा.

पंधरा दिवस वही ठेवा आणि रोज सरासरी किती गिऱ्हाइकं परत गेली तो आकडा व्हिडिओखाली लिहा. धंद्याचा प्रकारही लिहा: किराणा, कपडे, मेडिकल, हार्डवेअर, जे असेल ते. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही आकडे घेऊन आपण पगारवाढीचा हिशेब एकत्र करू.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा वाढवा, आणि माणसं जपा.